दोन धुऱ्यांमधलं वावर

रविंद्र खिल्लारेची सेनगावला बदली झाली, तेव्हा हजर व्हायच्या दिवशी त्याने कचेरीतल्या शिपायाला पहिला प्रश्न विचारला तो खोलीचा नव्हता, नळाला पाणी किती वाजता येतं याचाही नव्हता. "इकडं मरळ कुठं लागते हो?" असं त्याने विचारलं. नव्या साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे ना, म्हणून शिपायाने त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि मग कवठजळ्याच्या तलावाचं नाव सांगितलं.

रविंद्र जमीन मोजणारा माणूस. सरकारी भाषेत भूकरमापक, गावच्या तोंडी मोजणी सायेब. आकड्यावर त्याचा इतका जीव की बायकोने, संध्याने, ताटात भाकरी वाढली तरी हा आधी नजरेने तिचा व्यास घ्यायचा. जे मोजता येत नाही ते नसतंच, हे त्याचं ठाम मत, आणि ते तो न विचारताही सांगायचा. दुसरं वेड गळाचं. कयाधू आणि पूर्णा नद्यांत वीस वर्षं त्याने गळ टाकले होते. पण जिथे कधी गळ टाकला नाही अशा पाण्यावर जायचं असलं, की आदल्या रात्री त्याला झोप लागायची नाही.

ही गोष्ट दोन हजार एकच्या दिवाळीनंतरची. पहिल्याच रविवारी तो काळीपिवळी जीपच्या मागच्या पायरीवर लटकून कवठजळ्याला गेला. बगलेत वारंगा फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून आणलेली ट्रकची जुनी ट्यूब, हातात बांबूची काठी, आणि खिशात प्लास्टिकमध्ये घडी घातलेली एका कागदाची झेरॉक्स. तो कागद म्हणजे कवठजळ्याचा जुना गावनकाशा. तलाव व्हायच्या आधीचा.

त्याचं गणित साधं होतं. मासा मोकळ्या पाण्यात घर करत नाही, त्याला आडोसा लागतो. तलावाच्या पोटात आडोसे कुठले? बुडालेल्या विहिरीचं कडं, बाभळीची खोडं, नाल्याचा काठ आणि दोन वावरांमधला मातीचा बांध, म्हणजे धुरा. हे सगळं नकाशावर असतं. बाकीचे लोक पाण्याकडे बघून गळ टाकायचे, हा कागदाकडे बघून टाकायचा. उंटावरचा शहाणा म्हणून लोक हसायचे आणि संध्याकाळी याच्या पिशवीत डोकावून गप्प बसायचे.

काठावर पळसाच्या सावलीत धर्मसिंग बसला होता. शेजारच्या तांड्यावरचा, साठीचा, मिशा भरदार. त्याची शेळ्यांवर कमी आणि पाण्यावर जास्त नजर होती.

"सायेब, गळ टाका, मनाई न्हाई," तो म्हणाला. "पन वाटा द्या लागते."

"कुणाला? मच्छीमार सोसायटीला?"

"वावराच्या मालकाला. ज्याच्या वावरावर मासा गावला, त्याच्या घरी शेपटाकडचा तुकडा. आमच्या तलावाचा कायदाच हाये तो."

रविंद्रला हसू आलं. जमिनी सरकारजमा होऊन सतरा वर्षं झाली होती. धर्मसिंगला ते माहीत नव्हतं असं नाही. "मोबदला जमिनीचा घेतला आमी," तो म्हणाला, "वावराचा कुठं घेतला?"

पद्धत अशी होती की पाण्यातल्या माणसाने मोठ्याने विचारायचं, "कुणाच्या वावरात हाये मी?" काठावर जो जुना माणूस असेल, त्याने समोरची टेकडी आणि मागचा पळस यांची रेघ धरून नाव सांगायचं. रविंद्र ट्यूबवर फळी बांधून आत गेला, हाक मारली, आणि पाण्यावरून धर्मसिंगचं उत्तर आलं, "माझ्या! आनखी धा हात जा, हीर लागंल!"

नकाशातही विहीर तिथेच होती. रविंद्रने छोटा बेडूक लावून गळ सोडला. पाच मिनिटं गेली असतील नसतील, गळाचा तंगूस करकरून ताणला, काठी पाण्यात वाकली आणि ट्यूब स्वतःभोवती फिरायला लागली. अडीच किलोची मरळ! काळीशार, पोटाला पांढरी, सापासारखं तोंड. रविंद्रने चाळिशी ओलांडली होती, तरी तो पाण्यात बसल्या बसल्या ओरडला. शेपटाचा तुकडा त्याने स्वतः तांड्यावर नेऊन धर्मसिंगच्या बायकोच्या, अनुसयाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो अगदी हक्काने घेतला, स्वतःच्या वावरातली वांगी तोडून घ्यावीत तसा.

त्या दिवशी जीपमधून परतताना त्याला वडिलांची आठवण आली. अमृतराव कळमनुरी तालुक्यात चाळीस वर्षं सालगडी होते. त्यांनी नांगरलेल्या वावरांची नावं सांगायला बसलं तर चहा थंड व्हावा, आणि त्यांच्या नावावर मात्र मरेपर्यंत एक गुंठा नव्हता. मुलाने शिकून हजारो एकर मोजली, तीही दुसऱ्यांचीच. बुडालेलं का होईना, पण या माणसांना "माझ्या" म्हणून ओरडता येतं, याचा रविंद्रला हेवा वाटला. उघड उघड हेवा वाटला, आणि त्याने तो संध्याला सांगितलाही.

मग प्रत्येक रविवार तलावाचा झाला. जानेवारीपर्यंत त्याने निम्मा तलाव पाठ केला होता. ओळंब्याला दोरी बांधून, दोरीला फुटाफुटावर गाठी मारून तो तळ मोजत जायचा. नऊ फूट म्हणजे वावर, सहा फूट म्हणजे धुरा. धर्मसिंगचं वावर संपतं तिथला धुरा त्याला बरोबर सापडला. धुऱ्यापलीकडे नकाशाप्रमाणे त्याच्या शेजाऱ्याचं, किशनरावांचं, वावर सुरू व्हायला हवं होतं.

ओळंबा सोडला. नऊ फूट. पुढे नऊ. पुढे नऊ. आणि मग पुन्हा सहा.

अजून एक धुरा? वाऱ्याने आपण सरकलो असू, म्हणून त्याने पुन्हा मोजलं. दोन्ही धुऱ्यांवर रॉकेलचे रिकामे डबे तरंगत बांधले, एका डब्याला टेपची कडी अडकवली आणि दुसऱ्यापर्यंत वल्हवत गेला. शहाण्णव फूट. मधला तळ सपाट, वावरासारखा. नकाशावर तिथे एकच रेघ होती, पेन्सिलीच्या टोकाएवढी.

आता इतर कुणी डोकं खाजवून घरी गेला असता. रविंद्रला चेव चढला. पुढच्या रविवारी तो काठावर फलकयंत्र, म्हणजे मोजणीचं तिवईवरचं टेबल, मांडून बसला आणि धर्मसिंगच्या वावराच्या अलीकडच्या कडेपासून किशनरावांच्या पलीकडच्या कडेपर्यंतचं अंतर काढलं. सहाशे चाळीस फूट. नकाशाशी तंतोतंत. मग पाण्यात जाऊन एकेक वावर टेपने मोजलं. धर्मसिंगचं तीनशे दहा, किशनरावांचं तीनशे तीस. बेरीज सहाशे चाळीस. म्हणजे मधल्या पट्ट्याला बाहेरून जागा नव्हती, आणि आत तो शहाण्णव फूट होता.

त्याने पट्ट्याच्या मधोमध जाऊन हाक मारली. "कुणाच्या वावरात हाये मी?"

त्या दिवशी काठावर दोघेही होते. धर्मसिंग पळसाखाली, आणि पन्नास पावलांवर किशनराव, पांढरं धोतर सावरत उभे. दोघांचं पटत नव्हतं. धुरा कोणी कोरला यावरून पंचवीस वर्षांपूर्वी दोघे कोर्टात गेले होते, आणि तलाव झाल्यावर धुरा पाण्यात गेला तरी भांडण कोरडंच राहिलं होतं.

"किशनरावाच्या," धर्मसिंग म्हणाला.

"माझ्या न्हाई. त्याच्या," किशनराव म्हणाले.

रविंद्रला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. वीतभर मातीसाठी जन्माचं वैर धरणारी ही माणसं शंभर फूट जमीन एकमेकांच्या गळ्यात घालत होती. त्याने पुन्हा विचारलं. दोघांनी पाण्याकडे पाठ केली.

आणि त्याच वेळी गळ ओढला गेला. सहा किलोची मरळ. एवढी मोठी त्याने जन्मात पाहिली नव्हती. तासाभरात आणखी दोन, आणि मनगटाएवढी एक वाम. ट्यूब पाण्यात दबायला लागली तेव्हा तो नाइलाजाने परत फिरला. शेपटाचे तुकडे घेऊन तो आधी धर्मसिंगच्या दारात गेला. अनुसयाबाईंनी पदराला हात पुसले आणि हात मागे घेतले.

"ते आमच्यातलं न्हाई, भाऊ."

किशनरावांच्या घरीही तेच. "का हो किशनराव, मासा चांगला नाही का?"

"मासा चांगला हाये, सायेब. वावर आमचं न्हाई."

"मग कुणाचं?"

किशनराव दाराकडे वळले. "आमच्या बापानंबी इचारलं न्हाई," ते म्हणाले.

रविंद्रने शेपटं घरी आणली. संध्याने कालवण केलं. दुसरा घास खाताना त्याला अचानक उमगलं, आणि तो ताटावरून उठून खोलीत येरझारा घालायला लागला. वाटा मालकाला. वाटा कोणी घेतला? त्याने. पट्टा नकाशावर नाही, सातबारावर नाही, शेजारी नको म्हणतात. मग ज्याने शोधला त्याचा का नाही? त्याने मासेमारीची डायरी काढली आणि त्या पट्ट्याचं चित्र काढून आत नाव लिहिलं: अमृतराव खिल्लारे. नाव लिहिताना त्याचे डोळे भरून आले. नऊ फूट पाण्याखाली का होईना, खिल्लाऱ्यांचं वावर झालं होतं.

पुढची दोन वर्षं तो माणूस हवेत होता. ऊन असो, गारठा असो, रविवारी तो आपल्या वावरात हजर. मासा म्हणाल तर मोकार, पिशवीत मावेना इतका. ओळंब्याच्या बुडाला साबण फासून तो तळाची माती वर आणायचा. धर्मसिंगच्या वावरातून राखाडी चिकट गाळ यायचा, सगळ्याच तलावात असतो तसा. त्याच्या पट्ट्यातून काळी, भुसभुशीत ढेकळं यायची. बोटांनी दाबली की फुटायची. तो ती हुंगायचा. नांगरटीनंतर येतो तसाच वास यायचा.

"काय जमीन हाये!" तो घरी येऊन सांगायचा. "अशी काळी साऱ्या तालुक्यात न्हाई, संध्या!"

एका दुपारी वारा पडला होता, पाणी ताटासारखं स्थिर होतं. ओळंब्याची दोरी त्याच्या बोटात होती. दोरीतून बारीक थरथर आली. वाढत वाढत जवळ आली, त्याच्या खालून गेली, आणि पट्ट्याच्या टोकाकडे विरत गेली. थोड्या वेळाने ती परत आली, हातभर बाजूने. पुन्हा गेली. पुन्हा आली, आणखी हातभर सरकून. त्याने घड्याळ लावलं. एका खेपेला सहा मिनिटं. सरळ रेषेत, संथ, न चुकता. कटला मासा असणार, तीस किलोचा तरी! त्याने मोठा गळ बांधला आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. गळाला काही लागलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी लागलं. ओढ नव्हती, नुसतं वजन. वर आली ती तुरीची फांदी. पानं हिरवी, शेंगा भरलेल्या, देठ विळ्याने कापल्यासारखा तिरपा. रविंद्रने ट्यूबवरच एक शेंग सोलली. दाणे टपोरे होते. त्याने एक तोंडात टाकला. गोड लागला.

फांदी घेऊन तो अक्षरशः पळत जीपकडे आला. घरी पोचल्यावर ती संध्यासमोर धरली. "बघ! आपल्या वावरातली तूर!"

संध्याने फांदी उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. तिने हातही धुतले.

"पेरली कुणी?"

"आपोआप उगवली असंल."

"पान्यात?" ती म्हणाली. "तुमीच सांगता ना लोकांना, जमीन कुणाची ते नंतर बघू, आधी कब्जा कुणाचा ते सांगा. मग हितं कब्जा कुणाचा हाये?"

रविंद्र हसला. बायकांना कशातही शंका दिसते, असं काहीतरी तो म्हणाला. पण तूर त्याने एकट्यानेच खाल्ली.

दोन हजार तीनचा पाऊस दगा देऊन गेला. दोन हजार चारच्या मे महिन्यात कवठजळ्याचा तलाव तळाला गेला. गावात पाण्याचे टँकर फिरायला लागले, लोक हवालदिल झाले, आणि रविंद्रला मात्र, सांगायला लाज वाटते, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तो पहिल्यांदा आपल्या वावरात पाय ठेवणार होता. त्याने कोऱ्या वहाणा घेतल्या, शंभर फुटी टेपची चामडी डबी खांद्याला लावली आणि सकाळच्या पहिल्या जीपने निघाला.

तळ उघडा पडला होता. गाळ वाळून त्याचे तुकडे झाले होते. गावातली माणसं आपापल्या वावरात जाऊन नुसती उभी होती. धर्मसिंग आपल्या वावरात होता, किशनराव त्यांच्या. मध्ये धुरा.

एक धुरा.

हातभर रुंदीचा. वर बाभळीचं एक खोड. त्याच्या या अंगाला धर्मसिंगचा गाळ, त्या अंगाला किशनरावांचा. रविंद्र बघत असतानाच किशनरावांनी हात लांब केला, धर्मसिंगने धुऱ्यावरूनच त्यांच्या तळहातावर तंबाखू ठेवली. कोरड्या तळावर उभं राहून दोघांचं वैर बहुतेक संपलं होतं.

रविंद्र मटकन खाली बसला. त्याला रडायला येईल असं वाटलं, आणि ते आलंही. दोन्ही म्हाताऱ्यांनी दुसरीकडे बघितलं. बापाच्या नावाचं वावर बापासारखंच काही न ठेवता गेलं होतं.

पण मोजणीवाला तो मोजणीवालाच. नजरेवर विश्वास ठेवायचा तर टेप कशाला? त्याने डोळे पुसले, टेपची पितळी कडी धर्मसिंगच्या हातात दिली.

"घट्ट धरा. हलू नका."

"सायेब, कशाला?" धर्मसिंग म्हणाला. "गेलं ते जाऊ द्या."

"धरा हो."

त्याने डबी हातात घेतली आणि धुरा ओलांडला. एकच टांग.

डबी फिरायला लागली.

टांग हवेत होती तेवढ्यात डबीची फीत गुंडाळायची मूठ गरगर फिरली, चामडं गरम झालं, आतून फीत सरसरत निघत राहिली. त्याचा पाय किशनरावांच्या गाळात टेकला, तशी ती थांबली.

धर्मसिंगची मूठ आणि त्याची मूठ यांत दोन हातांचं अंतर होतं. फीत मध्ये दिसत होती, दोन हातांचीच. खाली कुठे वेटोळी नव्हती.

त्याने आकडा वाचला. शहाण्णव.

"हाये!" तो ओरडला. "हाये, धर्मसिंग! माझं वावर हाये!"

किशनराव दोन पावलं मागे सरकले.

मग रविंद्रला वजन जाणवलं. दोन हात फितीला वजन नसतं. हे शहाण्णव फुटांचं होतं. लांब टेप मध्ये लोंबतो, झोळ पडतो, तसा तो मनगटाला खाली ओढत होता. झोळ पडला की माप जास्त येतं. वीस वर्षांची सवय. त्याच्या तोंडून विचार करण्याआधी हाक गेली, मधल्या माणसाला रोज मारतो ती.

"मधून उचला!"

धर्मसिंगने त्याच्याकडे पाहिलं. किशनरावांनीही पाहिलं. मध्ये कुणी नव्हतं.

मनगट हलकं झालं.

फीत हळूच वर आली, ताठ झाली, सरळ रेषेत थांबली. अंगठ्याखालून पाच इंच डबीकडे सरकले. आकडा पंच्याण्णव फूट सात इंचांवर स्थिर झाला. बरोबर तेवढाच, जेवढा जाणत्या माणसाने झोळ काढल्यावर व्हावा.

रविंद्र हलला नाही. धर्मसिंगने कडी सोडली नव्हती.

मग फितीला मधोमध दोन हलके झटके बसले. मोजणीच्या वेळी वावराचा मालक हद्दीवर उभा राहून देतो तसे: माप मान्य आहे, लिहून घ्या.